पांढऱ्यावर पांढरं: सोमनाथ होर यांच्या ‘जखमा’

भिंतीवर एक जाडसर पांढरा कागद. त्यावर शाई नाही, रंग नाही, ओढलेली रेघसुद्धा नाही. जवळ गेलं की दिसतं, कागद मध्येच चिरल्यासारखा उकललाय, चिरेच्या कडा सुजल्यासारख्या वर आल्या आहेत, शेजारी दोन-तीन खड्डे आहेत. खाली पाटी: सोमनाथ होर, ‘जखमा’ मालिका, १९७० चं दशक, कागदाचा लगदा. एवढंच. बहुतेक लोक इथे पाच-दहा सेकंद रेंगाळतात आणि शेजारच्या रंगीत चित्राकडे वळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जे पाहायला हवं ते कसं पाहायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ही मालिका मी लिहायला निवडली ती या पाटीमुळे. कलाकृती कशातून सुचली आणि ती कशाची बनवली, या दोन गोष्टी कलावंताने सांगाव्यात अशी अपेक्षा आता सगळीकडे असते. प्रदर्शनाच्या अर्जातही तेच दोन रकाने असतात, प्रेरणा आणि माध्यम. पहिला रकाना लोक भरभरून लिहितात. दुसऱ्यात तीन शब्द पडतात आणि अर्ज जमा होतो. होर या बंगाली चित्रकार-शिल्पकाराच्या या मालिकेपुढे ही विभागणी टिकत नाही. त्यांनी काय पाहिलं हे जितकं महत्त्वाचं आहे, तितकंच त्यांनी मातीचं, सिमेंटचं आणि लगद्याचं काय केलं हेही आहे. माझं म्हणणं तर असं आहे की दुसरं कळल्याशिवाय पहिलं कळत नाही.

माणूस आणि काळ

होर यांचा जन्म १९२१ चा, चितगाव जिल्ह्यातल्या बरमा गावचा. हा भाग आता बांगलादेशात आहे. कोलकात्याला विज्ञान शिकायला गेलेला हा तरुण युद्धामुळे गावाकडे परतला. १९४२ मध्ये जपानी विमानांनी चितगावजवळच्या पटियावर बॉम्ब टाकले. तिथली मेलेली आणि घायाळ माणसं त्याने पाहिली आणि ती कागदावर उतरवायला सुरुवात केली. चित्रकलेचं शिक्षण त्यानंतर आलं.

१९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला. त्यात किती माणसं मेली याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांच्याही पुढे जातात. धान्य कुठे नव्हतंच असं नाही. युद्धकाळातली साठेबाजी, भडकलेले भाव आणि सरकारची धोरणं यांनी ते भूमिहीन मजुराच्या, कोळ्याच्या, कारागिराच्या आवाक्याबाहेर नेलं. या काळात चित्तप्रसाद या चित्रकाराने होर यांना हाताशी धरलं. उपाशी माणसापुढे बसायचं आणि जे दिसतं तेच काढायचं, हा त्यांचा पहिला धडा. ती रेखाटनं कम्युनिस्ट पक्षाच्या ‘जनयुद्ध’ या बंगाली पत्रात छापून येऊ लागली.

चित्तप्रसाद यांचं नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हवं. १९४६ मध्ये ते मुंबईला आले आणि पुढची कितीतरी वर्षं अंधेरीत राहून लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेले छाप) करत राहिले. दुष्काळावरची त्यांची रेखाटनांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केली होती. आपल्याच शहरात राहून गेलेला हा माणूस आपल्याकडच्या कलेच्या गप्पांत फार क्वचित येतो, याची मला खंत वाटते.

पुढे होर कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. तिथे शिकवायला झैनुल आबेदिन होते. आबेदिन यांनी दुष्काळाची चित्रं स्वस्तातल्या बांधणीच्या कागदावर काळ्या शाईने, कोरड्या कुंचल्याने केली होती. चांगला कागद महाग होता हे कारण होतंच. पण त्या खरबरीत, मळकट कागदावर फरफटलेला कुंचला रस्त्यावर फरफटणाऱ्या माणसाशी इतका जुळला की आज तो कागद चित्रातून वेगळा काढता येत नाही. होर यांच्या पुढच्या कामाची एक मुळी मला इथे दिसते.

१९४६ च्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाने होर यांना उत्तर बंगालमधल्या रंगपूर भागात पाठवलं. तिथे तेभागा आंदोलन पेटलं होतं. तेभागा म्हणजे तीन वाटे. तोवर वाटेकऱ्याला पिकाचा अर्धा हिस्सा जमीनदाराला द्यावा लागे, आपल्याकडच्या अर्धेलीसारखाच. आता मागणी होती की तीनातले दोन वाटे कसणाऱ्याचे. आणि कापलेलं धान जमीनदाराच्या अंगणात न नेता स्वतःच्या खळ्यावर न्यायचं. (त्याच सुमाराला इकडे तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. दोन्हीकडे झेंडा किसान सभेचा.) होर शेतकऱ्यांच्या घरी राहिले, रोज टिपणं लिहिली, रोज रेखाटनं केली. कंदिलाभोवती बसलेल्या बैठका, विळे, मफलर गुंडाळलेली डोकी. पुढे या रेखाटनांवरून त्यांनी लाकडावर ठसे कोरले.

१९४३ आणि १९७१ यांच्यामधली अठ्ठावीस वर्षं

या मालिकेबद्दल लिहिताना ‘प्रेरणा: बंगालचा दुष्काळ’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. मला ते अपुरं वाटतं. दुष्काळ १९४३ चा आणि ‘जखमा’ १९७१ च्या आसपास सुरू झालेल्या. मधल्या काळात होर दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये मुद्राचित्रण, म्हणजे ठशावरून कागदावर चित्र छापण्याची कला, शिकवत होते, १९५८ ते १९६७. तिथे त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने काम करण्याचं तंत्र इतकं आत्मसात केलं की एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापण्यात त्यांची ख्याती झाली. ‘पांढऱ्या गुलाबाचा जन्म’ हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचं त्यांचं रंगीत मुद्राचित्र. ते पाहताना वाटत नाही की हा माणूस दहा वर्षांत रंग, शाई, आकृती, सगळं खाली ठेवणार आहे.

मग दिल्ली सोडून ते बंगालला परतले आणि दिनकर कौशिक प्रमुख असताना शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रण विभाग पाहू लागले. तो बंगाल त्यांच्या तरुणपणीचा नव्हता. कोलकात्याच्या गल्ल्यांत नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातल्या चकमकी, तरुण पोरांची प्रेतं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे होर यांच्याच मुलखातून, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. वर्तमानपत्रांत व्हिएतनामचे फोटो होतेच. जुनी जखम आणि नवी जखम एकमेकींवर आल्या.

होर यांनी स्वतः याबद्दल लिहिलंय ते नेमकं आहे. दुष्काळ, १९४६ च्या दंगली, युद्धाने केलेला विध्वंस, हे सगळं आपल्या मनावर कोरलं गेलंय, असं ते सांगतात. ‘कोरलं गेलंय’ हा शब्द आपण सगळेच सहज वापरतो, पण हा माणूस व्यवसायाने कोरणारा होता. दुसऱ्या एका ठिकाणी ते सांगतात की आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे त्यांना जखमाच दिसत होत्या. त्याची उदाहरणं म्हणून त्यांनी तीन गोष्टी ठेवल्या: घाव पडलेलं झाड, ट्रकच्या चाकाने उखडलेला रस्ता, आणि काही कारण नसताना सुरा खुपसलेला माणूस.

या तिघांचा क्रम पाहा. झाड, रस्ता, माणूस. माणूस शेवटी आहे आणि तो झाडा-रस्त्याच्याच रांगेत उभा आहे. साल, डांबर, कातडी, तिन्ही पृष्ठभागच. कलावंताने प्रेरणा सांगताना ‘मानवी वेदना’ असा मोठा शब्द वापरला असता तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. चाकाने उखडलेला रस्ता सांगितल्यामुळे हाताला काहीतरी लागतं. शांतिनिकेतनच्या परिसरातली लाल माती पावसात कशी चिरते हे ज्याने पाहिलंय, त्याला ते आणखी पटेल.

माती, सिमेंट, लगदा

आता कृती. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

होर आधी मातीची किंवा मेणाची सपाट थापी, म्हणजे जाडसर थर, करत. तिच्यावर सुरीने चिरा देत, अणकुचीदार अवजाराने भोसकत, तापलेल्या सळईने डाग देत. मऊ पृष्ठभागावर सुरी ओढली की दोन्ही बाजूंना कडा आपोआप वर येतात. त्या कुणी ‘काढलेल्या’ नसतात, घावानेच त्या उभ्या केलेल्या असतात. मग या थापीवर सिमेंट ओतून साचा घ्यायचा. माती ओल्या लगद्याखाली टिकणार नाही, विरघळून जाईल. सिमेंट पाणी आणि दाब दोन्ही सोसतं. सिमेंट आवळलं की माती काढून टाकायची. तिचं काम झालं.

शेवटी त्या सिमेंटच्या साच्यात कागदाचा ओला लगदा भरायचा, दाबून पाणी काढायचं आणि वाळू द्यायचं. लगद्यातले तंतू पाण्यात एकमेकांत गुंततात आणि वाळताना एकमेकांना धरून बसतात, त्याला डिंक लागत नाही. पुण्यात १९४० पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेत कुणी लगदा चाळणीवर उचलताना पाहिला असेल तर हे सांगायची गरज नाही. फरक इतकाच की तिथे चाळणी सपाट असते आणि इथे साचा जखमी असतो. वाळलेला ताव साच्यातून सोडवला की झालं मुद्राचित्र. छापखाना नाही, रूळ नाही, शाई नाही.

यात एक बारकावा आहे. मातीत जिथे चीर खोल गेली, तिथे सिमेंटमध्ये उंच धार येते. आणि त्या धारेवर लगदा बसला की कागदात पुन्हा चीर. म्हणजे घाव दोनदा उलटतो आणि मूळ रूपात परत येतो. डावी-उजवी बाजूही तशीच दोनदा पालटून जागेवर येते. नेहमीच्या मुद्राचित्रात ठशावरचं चित्र कागदावर आरशासारखं उलटं येतं, इथे तसं होत नाही. नाहीशा झालेल्या मातीचं अंग जसंच्या तसं कागदाने घेतलेलं असतं. सुरी डावीकडून उजवीकडे गेली असेल तर कागदावरही ती तशीच गेलेली दिसते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. होर यांनी आयुष्यभर जी छापतंत्रं हाताळली त्या प्रत्येकात घाव असतोच. लाकडाच्या ठशात पटाशी जिथे लाकूड खणते तिथे शाई लागत नाही, म्हणून कागदावर तो भाग पांढरा राहतो. तेभागाच्या ठशांतला कंदिलाचा उजेड म्हणजे लाकडातून काढून टाकलेला भाग. जस्ताच्या पत्र्यावर याच्या अगदी उलट. आम्ल जिथे पत्रा खातं तिथे शाई साचते, म्हणून तो भाग काळा येतो. एकीकडे घाव पांढरा होऊन कागदावर येतो, दुसरीकडे काळा होऊन. दोन्हीकडे त्याचं भाषांतर होतं, आणि प्रेक्षकाला पत्र्यावर काय घडलं ते दिसत नाही, त्याचा परिणाम तेवढा दिसतो. ‘जखमा’मध्ये हे भाषांतर बंद झालं. कापणं कागदावर कापणं म्हणूनच येतं, भोसकणं भोसकणं म्हणूनच. वीस-पंचवीस वर्षं जो हात ठशाला जखमा करून त्यांतून चित्रं काढत होता, त्याने आता ती जखमच पुढे ठेवली.

म्हणून या मालिकेला ‘अमूर्त’ म्हणतात तेव्हा मला पटत नाही. अमूर्त म्हणजे ज्याला रूप नाही ते. इथे रूप इतकं आहे की बोट ठेवलं तर लागेल. नाही ती फक्त जखम झालेल्या माणसाची आकृती. त्याचा चेहरा, धर्म, पक्ष, कपडे काहीच नाही. १९७१ च्या बंगालमध्ये आकृती काढली असती तर पहिला प्रश्न आला असता, हा कुणाच्या बाजूचा? पोलीस की नक्षलवादी, निर्वासित की रहिवासी? होर यांनी प्रश्नाची जागाच ठेवली नाही. त्यांनी हे याच विचाराने केलं असा माझा दावा नाही. कागदापुढे उभं राहिल्यावर मला दिसतं ते सांगतोय.

पांढऱ्याबद्दलही एक शब्द. जखम म्हटली की लाल हवं, हा आपला सरळ हिशोब. काही मोजक्या कागदांत लालसर छटा येतेही. पण बहुतेक कागद नुसते पांढरे आहेत, आणि त्यामुळे जखमेचं वय कळत नाही. ताजी आहे की जुनी? मराठीत जखम भरल्यावर जी खूण राहते तिला वण म्हणतात. हे कागद जखम आणि वण यांच्या मधल्या कुठल्यातरी दिवशी थांबले आहेत.

बघण्याची अडचण

या मालिकेचे फोटो पुस्तकांत पाहिले तर बऱ्याचदा काहीच कळत नाही. समोरून उजेड पडला की सावली मरते, आणि सावली मेली की पांढऱ्या कागदावर पांढरी चीर दिसेनाशी होते. उजेड बाजूने, कागदाला जवळजवळ घासून जाणारा हवा. मग तीच चीर दरीसारखी उघडते. दिव्याची जागा हातभर हलली तरी चित्र बदलतं. प्रदर्शन मांडणाऱ्याच्या हातात इथे किती आहे, याची जाणीव मला या मालिकेमुळे झाली. चुकीच्या दिव्याखाली लावलेला हा कागद न लावण्यासारखाच आहे.

घरी करून बघायचं असेल तर अवघड नाही. शाडूची बोटभर जाड थापी लाटा, सुरीने एक चीर द्या, वर प्लास्टर किंवा सिमेंट ओता, आवळल्यावर माती धुऊन टाका, आणि वर्तमानपत्र दोन दिवस भिजवून कुटलेला लगदा त्यात दाबून भरा. ताव करडा निघेल, होर यांच्यासारखा पांढरा नाही. पण दोन-तीन दिवसांनी तो वाळून साच्याच्या कडेपासून सुटायला लागतो, तेव्हा हाताला जे कळतं ते वाचून कळणार नाही. विशेष करून पहिली चीर देताना. स्वच्छ, गुळगुळीत थापीवर सुरी टेकवायला हात कचरतो.

पुढे काय झालं

१९७४ च्या सुमाराला होर ब्रॉन्झकडे वळले. इथेही त्यांनी मातीची मूर्ती घडवून तिचा साचा काढायचा नेहमीचा रस्ता घेतला नाही. मेणाचे पातळ पत्रे करायचे, ते कापायचे, फाडायचे, दुमडायचे, गुंडाळायचे, एकमेकांना चिकटवायचे, आणि मेण गाळून त्या जागी धातू ओतायचा. त्यामुळे त्यांच्या शिल्पांत हात म्हणजे गुंडाळलेला पत्रा, छाती म्हणजे उसवलेली पोकळी. बहुतेक शिल्पं लहान आहेत. कागदातून गेलेली माणसं मेणातून परत आली: भिकारी, हडकुळी आई, मूल, कुत्री, बकऱ्या.

व्हिएतनामच्या लोकांना उद्देशून केलेलं ‘माता आणि मूल’ हे त्यांतलं मोठं काम, १९७७ मध्ये पूर्ण झालेलं. पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत ते कलाभवनातून चोरीला गेलं. ते परत मिळालं नाही. होर २००६ मध्ये गेले.

मला त्या पांढऱ्या कागदाखालची पाटी लिहायला सांगितली असती तर ‘दुष्काळ’ हा शब्द मी पहिल्या ओळीत आणला नसता. मी लिहिलं असतं:

*सोमनाथ होर (१९२१–२००६). जखमा. मातीच्या थापीवर सुरी आणि तापलेल्या सळईने घाव घातले. त्यावरून सिमेंटचा साचा घेतला. साच्यात कागदाचा लगदा दाबून वाळवला. शाई वापरलेली नाही. चित्रकाराने १९४२ पासून बॉम्बहल्ला, दुष्काळ, दंगल आणि युद्धातली माणसं पाहिली होती. हे काम करताना घाव पडलेलं झाड आणि ट्रकने उखडलेला रस्ताही त्यांच्या डोळ्यांपुढे होता. दिवा डाव्या बाजूला आहे. कागदाच्या उजवीकडे जाऊन, जरा वाकून पाहा.*